टोपी काढेपर्यंत

आमचे हे आंघोळीला जाताना टोपी काढतात आणि झोपताना काढतात, एरवी नाही. लग्न ठरवायला सांगलीला आले तेव्हाही पानावर बसताना टोपी डोक्यावर होती. माझी धाकटी बहीण क्षमा तेव्हा मला म्हणाली होती, "ताई, खाली केस आहेत की नाहीत, एकदा विचारून घे." केस होते. पण टोपी म्हणजे गुरुजी आणि गुरुजी म्हणजे टोपी, असं ह्यांचं पक्कं ठरलेलं होतं. म्हणूनच त्या पाठासाठी खूण काय ठेवायची असा प्रश्न आला, तेव्हा ह्यांनी टोपीच निवडली. मला तेव्हा हसू आलं होतं.

हे म्हणजे चिंतामण गुरुजी. पलूसजवळच्या एका गावात चौथीपर्यंतची शाळा, तिथे ह्यांची नेमणूक. शाळेच्या दोन खोल्या, एक ह्यांची आणि एक जोतीराम गुरुजींची. शाळेला लागूनच आमचं भाड्याचं घर. मी सांगलीची, वडील हायस्कुलात मास्तर होऊन निवृत्त झालेले. त्यामुळे मास्तर म्हणजे काय ते मला जन्मापासून माहीत आहे, असा माझा समज होता. ह्यांच्यावर टीका करण्याचा हक्क मला माहेराहून आंदण मिळाला होता म्हणा ना.

ह्यांचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला पाठ शाळेत झालाच नाही. तो गुऱ्हाळावर झाला.

डिसेंबरातली गोष्ट. उसाचे दिवस होते. मी लालासाहेब हवालदारांच्या गुऱ्हाळावर काकवी आणायला गेले, तर तिथे अख्खी चौथी हजर. काहिलीत रस उकळत होता, वाफेचे लोट उठत होते, आणि हे त्या वाफेत उभे राहून एक गार पाण्यात बुडवलेलं पितळी ताट काहिलीवर धरत होते. हात भाजत होता, तोंडाने "बघा, बघा" चाललं होतं. ताट उलटं केलं तर खाली थेंबच थेंब. "हे पाणी आलं कुठून?" पोरांनी एकच गलका केला. कुणी म्हणालं काहिलीतून उडालं, कुणी म्हणालं ताटाला घाम आला. हे कुणालाच चूक म्हणेनात. एकेकाला पुढे बोलवत होते, ताट परत गार करत होते, परत धरत होते.

तेवढ्यात हवालदारांच्याच अंजनाने थेंबाला बोट लावलं आणि चाटलं.

"गुरुजी, रस ग्वाड हाय, मग थेंब ग्वाड का न्हाई?"

ह्यांनी चाटून पाहिलं. मग सगळ्या वर्गाने चाटून पाहिलं. काहिलीत रस ढवळणारा गुळव्या पोट धरून हसत होता. आणि आमचे हे, टोपी वाफेने ओली होऊन कपाळावर आलेली, डोळे मोठे करून म्हणाले, "अरेच्चा! हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. का बरं नसेल? आपण सगळे विचार करू. मीही करतो." त्या दिवशी ह्यांचा चेहरा असा काही फुलला होता की काकवीचं भांडं हातात धरून मी बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटलं, आपला नवरा मोठा माणूस आहे.

ते बघायला तिथे साहेब नव्हते, हे एक बरं होतं. पुढच्या महिन्यात साहेब आले.

दर महिन्याला आसपासच्या शाळांतले गुरुजी एका शाळेत जमतात, त्याला गटसंमेलन म्हणतात. यजमान शाळेच्या गुरुजींनी सगळ्यांसमोर एक आदर्श पाठ घ्यायचा, मग त्यावर चर्चा, मग साहेबांचं भाषण. यजमान गुरुजींच्या बायकोने शिरा आणि चहा करायचा, हे कुठे लिहिलेलं नाही पण ते चुकत नाही. जानेवारीत आमची पाळी आली आणि निरोप आला की विस्तार अधिकारी, म्हणजे साहेब, स्वतः येणार आहेत.

ह्यांनी विषय निवडला तोच. पाण्याची वाफ. मी म्हटलं, "मग न्या सगळ्यांना गुऱ्हाळावर." हे माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी साहेबांना उकिरड्यावर बसवायला सांगितलंय. आदर्श पाठ तसा नसतो. त्याला टाचण असतं, तक्ता असतो, पायऱ्या असतात. हे साताऱ्याला ट्रेनिंगला होते तेव्हा त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली होती: पाठाच्या सुरुवातीला मुलांना येतील असे प्रश्न विचारत जायचं आणि शेवटचा प्रश्न असा विचारायचा की वर्ग गप्प झाला पाहिजे. कुणालाच उत्तर येता कामा नये. मग गुरुजींनी म्हणायचं, आज आपण हेच शिकणार आहोत. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं की पाठ फसला.

आणि इथे तर सगळ्या वर्गाला उत्तर येत होतं. ह्यांनीच तर शिकवलेलं होतं.

शाळा सुटल्यावर तालमी सुरू झाल्या. साहेब म्हणून खुर्चीवर मी. हे विचारायचे, "ओले कपडे उन्हात घातले की काय होतं?" पोरं म्हणायची, "वाळत्यात." "ओली पाटी हलवली की?" "वाळती." "मग त्यातलं पाणी जातं कुठं?" की सगळी चौथी बोंब ठोकायची, "वाफ व्हती!"

"नाही! तुम्हाला माहीत नाही!"

"म्हाईत हाय की गुरुजी," अर्जुना म्हणाला. हा पहिल्या ओळीतला, तोंडाळ. "तुमीच तर दावलं, गुऱ्हाळावर."

मी खुर्चीवर पदराआड हसत होते. ह्यांना घाम फुटला होता. तेव्हा ती खूण निघाली. ह्यांनी सांगितलं, "माझ्या डोक्यावर टोपी आहे तोवर वाफेचं कुणाला काही माहीत नाही. तक्ता लावून झाला की मी टोपी काढून टेबलावर ठेवीन. मग ज्याला त्याला नेमून दिलेली उत्तरं द्यायची."

पोरांना हा खेळ फार आवडला. फक्त अंजना हात वर करून उभी.

"गुरुजी, मग थेंब ग्वाड का न्हाई ते कवा इचारायचं?"

"ते नाही विचारायचं. ते पाठात नाही." हे आधीच वैतागलेले होते. "आणि तू तर नीट ऐक अंजना. तू मध्येच काहीतरी काढतेस. मी टोपी काढेपर्यंत कुणी काहीही विचारलं तरी तू तोंड उघडायचं नाही."

"कुणीबी इचारलं तरी?"

"कुणीही. अगदी साहेबांनी विचारलं तरी."

"व्हय," म्हणाली आणि बसली. ती हवालदारांची पोर. त्यांच्या घरात हुकूम दिला की तो परत घेईपर्यंत चालतो. हे मला माहीत होतं आणि ह्यांनाही माहीत होतं. मी खुर्चीवर साहेब होऊन बसले होते, पण मीही काही बोलले नाही.

आता हवालदारांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलेलं होतं. लालासाहेब सूर्यवंशी पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. ऊस, गुऱ्हाळ, कडक माणूस. चौथीनंतर पोरीला पलूसला पाचवीत घालायला ते तयार नव्हते. दिवाळीपासून हे त्यांच्या मागे लागले होते. पोरगी हुशार आहे, असं पोर माझ्या हाताखालून गेलं नाही, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी हवालदार म्हणाले होते, "गुरुजी, तुमी म्हणता ते खरं असंल. पर मी बघितल्याबिगर मानत न्हाई. संमेलनाला मला बलवताय न्हवं? साहेबाम्होरं पोरगी कशी उभी ऱ्हातीय ते बघतो. तीत दम दिसला तर पलूस. न्हाईतर इषय बंद."

हे आनंदाने घरी आले होते. "झालंच म्हणून समज," मला म्हणाले. आणि तरीही तालमीत तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटल्याच नाहीत. साहेब येणार म्हटलं की आमच्या ह्यांचं असं होतं.

संमेलनाच्या दिवशी शाळा सारवली, पताका लावल्या. मी व्हरांड्यात चुलीवर शिरा करत होते. खिडकी उघडी होती, आत सगळं दिसत होतं. भिंतीला लागून गुरुजी मंडळी, मध्ये खुर्चीवर साहेब, आणि दाराशी बाकावर गावातली चार माणसं. त्यांत लालासाहेब हवालदार, इस्त्रीचा सदरा घालून, पाठ ताठ. अंजना पहिल्या ओळीत. वेणीला नवी रिबीन.

पाठ सुरू झाला. कपडे वाळतात. पाटी वाळते. मग ह्यांनी तो प्रश्न विचारला.

"मग त्यातलं पाणी जातं कुठं?"

चौथीचा वर्ग असा गप्प झाला की माझ्या कढईत तूप तडतडलेलं मला ऐकू आलं. अर्जुनाने तर ओठ आत ओढून घेतले होते. साहेबांनी मान डोलावली. हे म्हणाले, "आज आपण..."

"थांबा गुरुजी." साहेब उठले. साहेब लोकांना बसवत नाही. त्यांनी पहिल्या ओळीतल्या उंच मुलीकडे बोट केलं. "तू सांग. चुकलं तरी चालेल. पाणी जातं कुठं?"

अंजना उभी राहिली. तिने साहेबांकडे बघितलंच नाही. ती ह्यांच्या डोक्याकडे बघत होती.

"तुला काय वाटतं ते सांग."

नाही. तिने तोंड उघडलं नाही. साहेब उलट खूश झाले. "बरोबर आहे. पूर्वज्ञान नाही. चालू द्या."

इथपर्यंत ठीक होतं. ह्यांनी तक्ता लावला, छडीने चित्रं दाखवली, सगळं टाचणाप्रमाणे सांगितलं. गुऱ्हाळाचं नाव नाही, ताटाचं नाव नाही. आणि टोपी काढायची विसरले. साहेबांच्या "थांबा"ने ह्यांचं सूत्रच तुटलं होतं. हे प्रश्न विचारू लागले तेव्हा पोरांनी आधी टोपीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. ह्यांनी अर्जुनाकडे बघून डोळे वटारले. अर्जुना हिशेबी पोरगा. त्याने क्षणभर विचार केला आणि नेमून दिलेलं उत्तर ठोकून दिलं. मग बाकीच्यांनीही दिली. धडाधड हात वर, धडाधड उत्तरं.

अंजनाचा हात मांडीवर होता. नजर टोपीवर.

"वा," साहेब म्हणाले. "आता मघाची ती मुलगी सांगेल. बाळ, आता तर शिकवलं तुला. पाणी जातं कुठं?"

ती उभी राहिली. मी झारा हातात घेऊन खिडकीशी आले. आत ह्यांना घाम आला होता. ह्यांनी बोटाने टोपी जरा वर केली, खालचा घाम पुसला. अंजनाचे ओठ उघडलेले मी बघितले. ह्यांनी टोपी परत खाली ओढली. तिचे ओठ मिटले.

"बरं, ते राहू दे. तुझं नाव काय?"

कुणी काहीही विचारलं तरी. तिने नावसुद्धा सांगितलं नाही. नव्या रिबिनीची पोरगी, साहेबांसमोर, बापासमोर, तोंड मिटून उभी. भिंतीकडची गुरुजी मंडळी हसली. दाराकडे बघायचा मला धीर झाला नाही.

आणि ह्या सगळ्यात आमचे हे काय म्हणाले? नुसते गप्प राहिले असते तरी मी मनाची समजूत घातली असती. हे हसले. साहेबांना आवडेल असं हसले आणि म्हणाले, "ती जरा कच्ची आहे, साहेब."

"असायचंच एखादं," साहेब म्हणाले. "बाकी वर्ग उत्तम."

टाळ्या झाल्या. मी दाराकडे पाहिलं तेव्हा हवालदार बाकावरून उठले होते. बाहेर येऊन वहाणा घालत होते. मी म्हटलं, "हवालदार, चहा?" त्यांनी नुसती मान हलवली आणि पाठ ताठ ठेवून निघून गेले.

मग साहेबांचं भाषण. चांगला शिक्षक कसा असावा यावर बरंच बोलले आणि दर दोन वाक्यांनी चिंतामण गुरुजींकडे हात करत होते. शेवटी म्हणाले की हाच पाठ सांगलीला जिल्ह्याच्या मेळाव्यात व्हायला हवा. सांगली! माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत माझे वडील बसले. मी एवढं सगळं पाहिलेलं असूनसुद्धा ते तिथे बसले. मी साहेबांच्या बशीत आणखी शिरा वाढला, वर काजू ठेवला. तो काजू आठवला की अजून माझे कान तापतात.

मंडळी गेली. मी भांडी गोळा करत होते तर वर्गात अंजना उभी. बाकीची पोरं केव्हाच पळाली होती. हे तक्त्याची गुंडाळी करत होते.

"काय गं, घरी नाही जायचं?" मी विचारलं.

ती बोलली नाही. ह्यांच्या डोक्याकडे बघत राहिली.

"जा बाळ, घरी जा आता," हे म्हणाले. तक्त्यावरून नजरही न उचलता. ती दप्तर घेऊन गेली. मग मी ह्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "टोपी." ह्यांनी डोक्याला हात लावला. तो हात तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी अंजना शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटला. नदीवर तिची आई भेटली, विजयमाला. बाई धुणं आपटत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "आता कशाला वैनी? चौथीची परीक्षा बी नगं म्हणत्यात मालक. घरचं काम तरी शिकंल. मी म्हटलं, गुरुजी हुश्शार म्हणत व्हते की. तर म्हणलं, गुरुजीनंच सायबाला सांगितलं कच्ची हाय म्हणून, माझ्या कानांनी ऐकलं. म्हंजे इतके दिस आमचं मन राखाया बोलत व्हते." तिने साडी पिळली. "आन पोरगी बी काय बोलंना बघा. बानं इतकं इचारलं, तोंडातनं शबुद न्हाई. नुसती काम करती."

माझ्याजवळ उत्तर होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे पाठ घोटवून घेतलेला होता हे नदीवर, सगळ्या बायकांत, सांगायचं. आणि सांगलीला वडलांना मी मेळाव्यातल्या पाठाचं आधीच कळवून बसले होते. मी धुणं अर्धवट घेऊन घरी आले.

"तुम्ही जाऊन सांगा हवालदारांना," मी ह्यांना म्हटलं.

"सांगतो गं. मी काय सांगणार नाही म्हणतोय? एवढा सांगलीचा पाठ होऊ दे."

"सांगलीला मुलं कुठली नेणार?"

"हीच. तयार झालीत ती."

"आणि अंजना?"

"तिला नको न्यायला," हे पटकन म्हणाले. "तिचं तिथे..."

वाक्य पुरं झालं नाही. ह्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. ओट्यावर बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मला कीव आली नाही. खरं सांगायचं तर लाजच वाटली. ह्यांची आणि माझीही, कारण "नको न्यायला" हे ह्यांनी म्हणायच्या आधी माझ्याही मनात येऊन गेलं होतं. आमच्या वडलांसमोर पोरगी गप्प उभी राहिली तर काय, असं.

रविवारी सकाळी आम्ही मळ्यात गेलो. वाटेत हे काय बोलायचं ते पुटपुटत होते, पाठाचं टाचण घोकावं तसं. हवालदारांनी बाज टाकली, वर घोंगडी अंथरली. अदबीला कुठे कमी नाही. "या गुरुजी. वैनी, बसा. आगं, च्या टाक." अंजना दाराशी सूप घेऊन शेंगा निवडत होती. आम्हाला बघून उठून उभी राहिली, परत बसली.

हे उसावर बोलले. थंडीवर बोलले. या वर्षी गुळाला रंग कसा छान आलाय त्यावर बोलले. चहा आला, चहा संपला. मी कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाले, "हवालदार, अंजना हुशार आहे हो."

"आसू द्या गुरुजी."

"नाही, खरंच. तुम्ही तिला पलूसला..."

"गुरुजी," हवालदार शांतपणे म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नगा. मी डोळ्यांनी बघितलं. पोरीला सवताचं नाव सांगता आलं न्हाई. पलटणीत आसं पोरगं आलं तर त्याला आमी परत धाडायचो. तुमचा राग न्हाई माझा. सायबाम्होरं तुमी खरं बोलला. खऱ्याचा राग कशाला धरू?"

झालं. ह्यांच्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं त्या माणसाने. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"हवालदार, त्या दिवशी मी..." हे म्हणाले आणि थांबले. परत सुरू केलं. "म्हणजे त्या दिवशी काय झालं की..." परत थांबले. वर्गात चाळीस पोरांपुढे तासन्‌तास बोलणारा माणूस, ह्यांना एक वाक्य पुढे जाईना. मान खाली गेली. कपाळावर घाम आला, थंडीच्या दिवसांत. मला वाटलं मीच बोलावं, आणि मग वाटलं, नाही, हे ह्यांचंच आहे.

मग ह्यांनी टोपी काढली. परक्याच्या घरी ह्यांनी टोपी काढलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. घाम पुसायला काढली, का मान वर करवेना म्हणून काढली, कोण जाणे. हातात थोडा वेळ धरली आणि बाजेवर ठेवली.

दाराशी सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

अंजना उभी राहिली. वर्गात राहतात तशी, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"पाण्याची वाफ व्हती," ती म्हणाली. "वाफ हवंत मिसळती. म्हणून कापडं वाळत्यात." श्वास घेतला. "माझं नाव अंजना लालासाहेब सूर्यवंशी."

हवालदार वळून बघू लागले. चुलीपाशी विजयमालाचा हात थांबला.

"आन गुरुजी, थेंब ग्वाड का न्हाई त्ये मला कळलं. मी रोज काहिलीवर ताट धरून बघितलं. काहिलीतला रस घट्ट घट्ट होत जातोय, आन थेंब कवाबी चाटला तरी आळणीच. म्हंजे गूळ काय उडत न्हाई. त्यो काहिलीतच ऱ्हातोय. वर जातंय ते नुसतं पाणी." मग जरा थांबून तिने विचारलं, "बरोबर हाय का?"

"बरोबर आहे," हे म्हणाले.

हवालदारांनी लेकीला जवळ बोलावलं नाही, बसल्या जागेवरून विचारलं.

"मग त्या दिशी का बोलली न्हाईस? मी घरी इतकं इचारलं, तवा बी का न्हाई?"

"गुरुजींनी टोपी काढली न्हवती," अंजना म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाटी का वाळते, तितक्या साधेपणाने तिने ते सांगितलं. हवालदारांनी बाजेवरच्या टोपीकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खुणा आणि हुकूम समजावून सांगावे लागत नव्हते.

"मी सांगितलं होतं तिला," हे एवढंच म्हणाले. "गप्प बसायला. तिला सगळं येत होतं म्हणून."

"आन कच्ची?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी घोंगडीच्या दशा ओढत बसले होते. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. ह्यांनी कबूल केलं असं कुणी म्हणेल, पण तसं झालंच नव्हतं. पोरगी बोलून गेल्यावर हे बोलले. आधी नाही.

हवालदार उठले. आता बोलतील, बाहेर काढतील, असं मला वाटलं आणि तसं केलं असतं तर बरंच झालं असतं. त्यांनी टोपी उचलली, तिला घोंगडीची लोकर लागली होती ती झटकली आणि दोन्ही हातांनी ह्यांच्या हातात दिली. मग लेकीकडे वळले.

"उद्यापासनं शाळंत जायचं. परीक्षा द्यायची. मग पलूस." ते जरा थांबले. "पर तिथं जाऊन कुणाच्या टोपीकडं बघून बोलायचं न्हाई. माझ्या बी न्हाई."

"व्हय," अंजना म्हणाली.

आम्ही निघालो. उसाच्या कडेकडेने वाट होती. हे टोपी हातात धरून चालत होते, मी मागून. समोरून येणाऱ्या गाडीवानाने "रामराम गुरुजी" म्हटलं आणि ह्यांच्या उघड्या डोक्याकडे पाहतच राहिला. ह्यांनी रामराम केला, पण टोपी घातली नाही.